अझीम म्हणाला, घेतला

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मराठीत एम.ए. आहे आणि क्लबचं स्कोअरबुकही मीच लिहिते. सेक्रेटरी बाळासोंना दोन्ही लिखाणं सारखीच वाटतात.

"क्रांती, दोन पानं लिही. शब्द जरा जड घाल," ते म्हणाले. "अझीम रिटायर हुतोय. काय चेष्टा हाय व्हय?"

चेष्टा नव्हतीच. अझीम नदाफ, यष्टिरक्षक आणि फलंदाज. राज्याच्या संघाकडून एकतीस सामने, ब्याण्णव झेल, अकरा यष्टिचीत, एक शतक. देशाच्या संघापर्यंत तो पोचला नाही. पण आमच्या क्लबमधून एवढं लांब दुसरं कुणीच गेलेलं नाही.

मी त्याला बारा वर्षं ओळखते. एकोणीस वर्षांची असताना स्कोअररची परीक्षा पास होऊन मी पहिल्यांदा मैदानावर गेले. पोरं माझ्या टेबलाभोवती उभी राहून हसत होती. पोरगी स्कोअर लिहिणार म्हणे. अझीम पॅड बांधत होता. वर न बघता म्हणाला, "ती लिहील ते बरोबर. तुमी नुसतं पळा." त्या दिवसापासून आमची मैत्री. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणत नाही आणि त्यालाही ते चालतं.

त्याच्या वडिलांचं, सिकंदरचाचांचं, शनिवार पेठेत गाद्यांचं दुकान आहे. कापूस पिंजायचं यंत्र, उशांचे ढीग आणि चाचांच्या भुवयांवर कायम कापूस. यष्टिरक्षक मोठ्या ग्लोव्हजच्या आत पातळ सुती हातमोजे घालतात. त्यांना इनर म्हणतात. अझीमचे इनर चाचा स्वतः शिवायचे. तळव्याला कापसाचा पातळ थर, बोटांना काहीच नाही. "बोटाला कळाय पायजे, काय आलंय ते," असं चाचा म्हणत. त्यांनी आयुष्यात एकदाही क्रिकेट खेळलेलं नाही.

यष्टिरक्षकाचं काम लोकांना दिसत नाही. दिवसाची नव्वद षटकं म्हणजे पाचशेचाळीस वेळा खाली बसायचं आणि उठायचं. त्यातला एक चेंडू सुटला तर तेवढाच लोकांच्या लक्षात राहतो. अझीमच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट कधीच सरळ झालं नाही. तो चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरतो. चौतिसाव्या वर्षी जिना उतरताना कठड्याला हात लावतो.

पण कोल्हापुरात त्याचं नाव झालं ते वेगळ्याच कारणाने. तो सतरा वर्षांचा असताना गांधी मैदानावर एका स्पर्धेची फायनल होती. फलंदाजाच्या बॅटची कड लागली, अझीमने खाली वाकून चेंडू उचलला. पंचांनी बोट वर केलं. पोरं नाचायला लागली. अझीम चालत पंचांकडे गेला आणि म्हणाला, "सर, टप्पी पडलीया. त्याला परत बोलवा."

फलंदाज परत आला. सामना गेला. कॅप्टनने सगळ्यांसमोर त्याला झापलं. "लय शहाणा हाईस! हरिश्चंद्राचा नातू हाईस व्हय रं?"

ते नावच पडलं. पुढे पुढे चेष्टा संपली आणि पद्धत झाली. आमच्या मैदानांवर टीव्हीचे कॅमेरे नसतात. तिसरा पंच नसतो. झेल जमिनीलगत असला की फलंदाज पंचांकडे न बघता अझीमकडे बघायचे. पंचसुद्धा विचारायचे, "काय अझीम, घेतला?" तो घेतला म्हणाला की फलंदाज बॅट काखेत मारून चालू लागायचा. वाद नाही, शिव्या नाहीत. अशी पद्धत दुसऱ्या कुठल्या गावात आहे, असं मला वाटत नाही.

मी मानपत्रात हे सगळं घातलं. शेवटी ऋतुराजचा प्रसंग घातला. तो घालावाच लागणार होता, कारण तो मीच प्रसिद्ध केला होता.

ऋतुराज देसाई आजऱ्याचा. तोही यष्टिरक्षक आणि फलंदाज. अकरा वर्षांपूर्वी राज्याच्या संघाच्या निवडीसाठी कोल्हापुरात चाचणी सामना झाला. यष्टिरक्षकाची जागा एकच होती आणि त्या जागेसाठी हे दोघे. एक या संघात, एक त्या संघात. अझीमने सकाळी एकतीस धावा केल्या. दुपारी ऋतुराज खेळायला आला आणि सुरेख खेळू लागला. निवड समितीतले लोक मंडपात खुर्च्या पुढे ओढून बसले. मी शेजारच्या टेबलावर स्कोअर लिहीत होते. ऋतुराज सत्तेचाळीसवर असताना एक चेंडू खाली राहिला. कड लागली. अझीम पुढे झेपावला आणि चेंडू हातात घेऊन उठला.

गोलंदाज मध्ये आल्यामुळे पंचांना दिसलं नव्हतं. त्यांनी काहीच केलं नाही. स्लिपमध्ये कुणी नव्हतं. ऋतुराजने मागे वळून विचारलं, "अझीम, घेतलास?"

अझीम म्हणाला, "घेतला."

ऋतुराजने ग्लोव्हज काढले आणि तो निघाला. पंचांचं बोट वर जायच्या आत तो सीमारेषेपाशी होता.

मी स्कोअरबुकात लिहिलं: झेल नदाफ, सत्तेचाळीस. पुढच्या रविवारी एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत मी त्यावर लेख लिहिला. तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला सगळीकडे अर्थ दिसायचे. एका जागेसाठी भांडणारे दोघे, आणि एकाने दुसऱ्याच्या शब्दावर आपली जागा सोडली. लेख खूप वाचला गेला. शाळांच्या फळ्यांवर लागला. ऋतुराजने आजऱ्याहून फोन करून सांगितलं, "मॅडम, कात्रण फ्रेम केलंय बघा." मॅडम म्हणणारा तो पहिला माणूस. मी तो दिवस विसरलेली नाही.

निवड अझीमची झाली.

गेल्या सोमवारी मी मानपत्राचा कच्चा मसुदा घेऊन दुकानात गेले. चाचा गादीला टाके घालत होते. अझीम उशांच्या ढिगाला टेकून बसला होता. मी मोठ्याने वाचलं. 'ज्याचा शब्द हाच पंचांचा निर्णय' हे वाक्य आलं तेव्हा चाचांनी सुई थांबवली आणि मान डोलावली. मी ऋतुराजच्या प्रसंगापर्यंत आले.

"ते काढ," अझीम म्हणाला.

"का? तोच तर कळस आहे."

"काढ म्हणतोय न्हवं."

मला वाटलं, लाजतोय. मी म्हटलं, "बाळासोंनी सत्काराला ऋतुराजलाच बोलावलंय. रविवारी मानपत्र तोच देणार तुझ्या हातात."

अझीम उठून बसला. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. बाळासोंना त्याला चकित करायचं होतं. ते मी फोडलं.

अझीमने चपला शोधल्या. मग म्हणाला, "चल, च्या पिऊ." चहा दुकानातच येतो. पण तो बाहेर निघाला, म्हणून मीही निघाले. चहाच्या गाड्यापर्यंतही तो गेला नाही. कोपऱ्यावर उभा राहिला.

"मी तो घेतला न्हवता," तो म्हणाला.

"काय?"

"ऋतूचा झेल. टप्पी पडलीती."

मी म्हटलं, तुला तेव्हा कळलं नसेल. खाली होता, वेगात आला.

"किपरला कळतं, क्रांती. आधी माती लागती, मग हातात येतं. दोनदा लागतं. मला कळालतं. त्यानं विचारलं तवाबी म्हाईत हुतं."

"मग?"

"मग काय? मंडपात ती लोकं बसलीती. तो सत्तेचाळीसवर. मी एकतीसवर."

रस्त्याने रिक्षा जात होत्या. एका ओळखीच्याने हाक मारली, "काय किपर, रविवारी जेवाण हाय म्हणं!" अझीमने हात वर केला. चेहरा नेहमीसारखाच होता. मला तेच सहन झालं नाही.

"तेव्हा सांगायचं होतं," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी. आठवड्याने."

"आठवड्यानं तुझा लेख आला."

तो मला बोल लावत नव्हता. फक्त क्रम सांगत होता. तरी माझे कान तापले. मी त्याला एका शब्दानेही विचारलं नव्हतं. लेख लिहिण्याआधी त्याच्याशी बोलले असते तर कदाचित तो बोलला असता. मला विचारायची गरजच वाटली नव्हती. लेख छान जमला होता.

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या सामन्यानंतर त्याने चाचांना इनरच्या बोटांतही कापूस घालायला लावला. बोटं दुखतात असं सांगितलं. चाचांनी घातला, पण म्हणाले, "बोटाला कळंना झालं तर धरशील कशानं?" पहिल्याच मोसमात त्याच्या हातून सात झेल सुटले. वर्तमानपत्रात आलं की नवा मुलगा दडपणाखाली आहे. दुसऱ्या मोसमात त्याने कापूस काढून टाकला. आणि दर वेळी पंचांनी "काय अझीम, घेतला?" असं विचारलं की तो उत्तर द्यायच्या आधी स्वतःच्या बोटांकडे बघायचा. अकरा वर्षं तो खरंच सांगत आला. "तो एक सोडून सगळे खरे," तो म्हणाला आणि रस्त्याकडे वळला. आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं असावं.

ऋतुराजची निवड पुढच्या वर्षीही झाली नाही. तिसऱ्या वर्षी त्याने खेळणं सोडलं आणि घरचा काजूचा कारखाना बघायला लागला.

"रविवारी त्याच्या हातनं मानपत्र घ्यायचं? मला न्हाय जमणार," अझीम म्हणाला. "त्याआधी त्याला सांगाय पायजे. तू येतीस?"

मला जायचं नव्हतं. तरी हो म्हटलं.

गुरुवारी आम्ही त्याच्या गाडीने निघालो. निपाणी मागे पडली. उत्तूरला चहा घेतला. तिथे त्याने मला विचारलं, "सुरवात कशी करू?" मी साहित्याची पदवीधर. मी त्याला आणखी चहा हवा का, ते विचारलं.

कारखान्यात भाजल्या टरफलाचा वास होता. पंधरावीस बायका ओळीने बसून काजू फोडत होत्या. टरफलाच्या तेलाने कातडी सोलते, म्हणून त्यांनी हाताला राख लावली होती. ऋतुराज पोट सुटलेला, हसरा. आम्हाला बघून त्याने दारातूनच आरोळी ठोकली.

"आक्का! कोण आलंय बघ! कोल्हापूरचं पावणं!"

आक्का म्हणजे त्याची आई. ती पदराला हात पुसत आली. ऋतुराज बायकांकडे वळला. "हाच तो. सांगितलोतो न्हवं? ह्यानं मला आऊट केलता. आणि ह्या मॅडमनी पेपरात लिवलंतं."

बायकांनी मान वर करून बघितलं. एक म्हातारी म्हणाली, "असा बारीक हाय व्हय? मला वाटलं पैलवान असंल." सगळ्या हसल्या.

वजनकाट्यामागच्या भिंतीवर माझा लेख होता. काच स्वच्छ होती. कुणीतरी रोज पुसत असावं.

आम्ही आत बसलो. आक्का बश्यांतून काजू घेऊन आली. अझीमने बशी हातात घेतली, खाली ठेवली, परत घेतली.

"रविवारचं बाळासोंनी सांगितलंय," ऋतुराज म्हणाला. "कोट शिवून ठेवलाय लेका. भाषण करू का नुसतं मानपत्र देऊ?"

"ऋतू, तो झेल मी घेतला न्हवता."

"कुठला?"

"तोच. टप्पी पडलीती. मला कळालतं."

ऋतुराज हसला. अझीम हसला नाही. मग ऋतुराजने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"किती फुडं पडलाता?" ऋतुराजने विचारलं.

"चार बोटं."

"चार बोटं," तो म्हणाला. त्याने स्वतःची चार बोटं टेबलावर आडवी ठेवून बघितली. "म्हंजे मी सत्तेचाळीस नाबाद."

"व्हय."

बाहेर काजू फुटल्याचे आवाज येत होते. आक्का दारात उभी होती. तिला काही समजलेलं नव्हतं. ती म्हणाली, "खावा की, नुसतं बसलायसा."

ऋतुराजने टेबलावरची बोटं उचलली. बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"माझी निवड झाली न्हाय ह्याचं मला कधी काय वाटलं न्हाय बघ. लोकं विचारायची, तुझं का झालं न्हाय? मी सांगायचो, खऱ्या माणसानं आऊट केलं. मान वर करून सांगायचो. ह्या बायकांस्नी सांगितलं. बायकोला बघायला गेलतो, तिथं सांगितलं." त्याने बशी बाजूला सारली. "तेवढं तरी माझ्याकडं ठेवायचं हुतंस."

अझीमने हात जोडले. ऋतुराज म्हणाला, "ते नको. खाली कर हात." मग म्हणाला, "मी रविवारी येणार न्हाय. बाळासोंना काय सांगायचं ते तू सांग."

आम्ही उठलो. आक्काने काजूची पिशवी माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं. ती रागावली. "आमच्या दारातनं रिकाम्या हातानं जातीस व्हय गं?" मी घेतली. परतीच्या वाटेवर ती पिशवी माझ्या मांडीवर होती. कुणी उघडली नाही. माझ्या घरी ती अजून तशीच आहे.

शुक्रवारी अझीमने बाळासोंना कार्यक्रम रद्द करायला सांगितलं. बाळासोंनी उडवून लावलं. मंडप सांगितला होता, आचारी सांगितला होता, नगरसेवक येणार होते. कारण काय, हे अझीमने फोनवर सांगितलं नाही. "माईकवर सांगतो," एवढंच म्हणाला.

रविवारी मी मानपत्र वाचलं. ऋतुराजचा प्रसंग काढला होता. 'ज्याचा शब्द हाच पंचांचा निर्णय' हे वाक्यही काढलं होतं. जे उरलं ते आकडे होते. बाळासो माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मग अझीम उठला. पांढरा शर्ट. समोरच्या रांगेत सिकंदरचाचा, आज भुवयांवर कापूस नव्हता.

अझीमने चार वाक्यं सांगितली. चाचणी सामन्यात ऋतुराज देसाईचा झेल मी घेतला नव्हता. टप्पा पडला होता. मी घेतला म्हणालो. माझी निवड त्यावर झाली.

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. कुणीतरी ओरडेल. मी तयार होते. तोही तयार असावा, कारण त्याने दोन्ही पाय खेळताना रोवतो तसे रोवले होते.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळा मंडप. लोक उभे राहिले. बाळासोंनी माईक घेतला. "बघा! कोण सांगतं हो असं आजकाल? अकरा वर्षांनी! ह्याला म्हणत्यात हरिश्चंद्र!"

अझीम माईककडे परत आला. "टाळ्या वाजवू नका," तो म्हणाला. त्यावर आणखी जोरात वाजल्या. त्याने हात हलवून नको नको केलं. लोकांना तो विनय वाटला. नगरसेवकांनी त्याला मिठी मारली. फोटो निघाला. त्या फोटोत अझीमची मान खाली आहे.

एकटे चाचा उभे राहिले नाहीत. त्यांनी टाळीही वाजवली नाही. ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले होते. जेवणाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा म्हणाले, "बोटात कापूस घाल म्हणून आलता पोरगं. मी का म्हणून इचारलं न्हाय." ते जेवले नाहीत.

सोमवारी ऋतुराजचा फोन आला.

"टाळ्या वाजल्या म्हणं."

"हो."

"वाजणारच." या वेळी मॅडम म्हणाला नाही. "क्रांती, पयला लेख तू लिवलास. आता दुसराबी तूच लिव. गोड करू नको. सत्तेचाळीस नाबाद, एवढं नीट घाल. ती फ्रेम मी उतरवलीया, भिंतीवर डाग दिसतोय."

म्हणून हे लिहिलं. स्कोअरबुकातली नोंद मला बदलता येत नाही. अकरा वर्षांपूर्वीचा तो कागद आता क्रिकेट संघटनेच्या कपाटात आहे. ऋतुराज देसाई, सत्तेचाळीस नाबाद. ते इथे लिहिते.

छापायला देण्याआधी या वेळी मी अझीमला विचारलं. आधी विचारायला हवं होतं, ते आता केलं. दुकानात उशांच्या ढिगापाशी बसून त्याने सगळं वाचलं. हळू वाचतो तो. आजऱ्याच्या भागापाशी आला आणि थांबला. वाकड्या बोटाने त्याने एका ओळीवर खूण केली.

"हे चुकलंय."

"काय चुकलंय? तू हेच म्हणालास. मी समोर होते."

"म्हणालो व्हय." तो माझ्याकडे बघत नव्हता. "चार बोटं न्हवतं ते. वीतभर हुतं."

त्या कारखान्यात, हात जोडायच्या आधी, त्या भल्या माणसासमोर बसून त्याने चेंडू पुन्हा थोडा जवळ आणला होता. आणि ऋतुराजने टेबलावर बोटं ठेवून ते मोजलं होतं.

चाचांचं पिंजायचं यंत्र थांबलं. त्यांनी ऐकलं होतं.

"फोन लाव," ते म्हणाले.

अझीमने खिशातून फोन काढला. नंबर शोधायला त्याला वेळ लागला. मग त्याने तो कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ केली. मला पलीकडची रिंग ऐकू येत होती.